जळत्या महालातली राणी

एका राज्यात, चहूबाजूंनी समुद्र असलेल्या राज्यात, गेनशिरो नावाचा कारागीर राहत असे. पलीकडच्या चीन देशातल्या प्राचीन युद्धांची चित्रे तो चेरीच्या फळ्यांवर कोरी, आणि त्यांवरून पोथ्या छापल्या जात. ती युद्धे त्याच्या पणज्यानेही पाहिली नव्हती. मग चेहरे आणायचे कुठून? शेजारीपाजारी होतेच. पोथीत चेहरा आला की माणूस गावभर मिरवी.

पुढे राजाला युद्धाची खुमखुमी आली. सैनिकांचे रक्त सळसळावे म्हणून त्याने पोथीसाठी मांत्रिकाकडून शाई करवून घेतली. पहिल्या पानावर सेनापतीचे मस्तक उडाले; त्याला चेहरा सोबेई कुंभाराचा होता, आणि त्याच दुपारी सोबेईचे मस्तक चाकापाशी पडले. दुसऱ्या पानावरचा बुडणारा नावाडी म्हणजे गेनशिरोचा मेहुणा. तो कोरड्या अंगणात बुडून मेला.

तिसऱ्या पानावर जळत्या महालातली राणी होती. चेहरा ओमित्सूचा, गेनशिरोच्या एकुलत्या मुलीचा. तिनेच हट्टाने काढून घेतलेला.

"महाराज, हे पान छापू नका. माझी मुलगी जळेल."

"उद्या दुपारी छापले जाईल," राजा म्हणाला.

गेनशिरोने फळीवर रंधा मारला. रेषा पुन्हा उगवल्या. भट्टीत टाकली, भट्टी विझली. समुद्रात फेकली, भरतीने ती कोरडीच आणून दिली. तेव्हा मांत्रिकाचा कावळा छपरावरून बोलला, "या शाईला चेहरा लागतोच. कुणी आपला चेहरा आपणहून दिला, तर शाप सुटेल."

चुकलेला भाग कापून तिथे लाकडाचा नवा तुकडा बसवायचा, ही कारागिरांची जुनी रीत. पण चेहरा कुणाचा? खोटे कशाला बोला, आधी त्याला वेशीवरचा म्हातारा रखवालदार आठवला. त्याची त्यालाच लाज वाटली. मग त्याने परातीत पाणी घेतले आणि स्वतःकडे पाहिले.

"बाबा, राणीला तुमची दाढी कशाला?" ओमित्सूने विचारले.

"तुला राणीपण शोभत नव्हतं, पोरी."

दुपारी पान छापले गेले. गेनशिरो बसल्या जागी जळाला. शेजारचा लाकडाचा भुसाही पेटला नाही. शाईची साधी काजळी झाली. छावणीत पान पोचले, आणि मुकुटाखालची दाढी पाहून सैनिक पोट धरून हसले. असले सैन्य घेऊन राजा जाणार कुठे? त्याने सगळ्यांना घरी धाडले.

पोथी अजून विकली जाते. त्या पानाशी गिऱ्हाईक हसतेच. विकणारी बाई तेवढी हसत नाही.

"हात पुसून पान उलटा," ती म्हणते. "ते माझे बाबा आहेत."