बोटांना चिकटलेलं पाणी

“सगळं शेवाळ मारून टाकलंय, बाबा. मग पडद्यांना चिकटतंय तरी काय?”

पोशाबाबा बांधावर बसून खाडीकडे बघत होते. चाळीस वर्षं त्यांनी इथे मीठ पिकवलं होतं. आता मिठागराच्या जागी खारं पाणी गोडं करणारा प्लांट उभा होता, आणि गावचीच हर्षाली तिथली मुख्य इंजिनीयर.

लहानपणी ती याच बांधावरून बाबांच्या मागे मागे फिरायची. मिठाचे ते पांढरेशुभ्र ढीग आठवून तिला भरून आलं. पण आज आठवणीत रमायला सवड होती कुणाला! डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळानं मीठ अडवणाऱ्या पडद्यांचे दोन संच बाद केले होते. आता हा शेवटचाच उरला होता. आणि ती गावच्या सभेत छातीठोकपणे सांगून आली होती, की नळ एक दिवसही कोरडा राहणार नाही.

“मायक्रोस्कोपखाली बघितलं मी. क्लोरीननं एकही पेशी जिवंत राहत नाही.”



तिच्या हातात प्लांटमधल्या पाण्याची बाटली होती. बाबांनी ती घेऊन तिच्या बोटांवर धार धरली.

“चोळ.”

तिनं चोळलं. बोटं बुळबुळीत झाली.

मग बाबांनी खाडीतलं ओंजळभर पाणी आणलं. “आता हे.”

“हे तितकं चिकट नाही… पण यातलं शेवाळ तर जिवंत आहे!”

“म्हणून तर निसटतंय. मेलं की चिकटतं.”

हर्षालीला आता कळलं. तिच्याच क्लोरीननं शेवाळ फुटत होतं, आणि आतला चिकटा थेट पडद्यांवर जात होता.

“असं पाणी आलं की तुम्ही काय करायचात?”

“बांधातल्या उघाडीचं दार लावायचो. पाणी आतच घ्यायचं नाही.”

“आणि?”

“आणि काय! बायका गाणी म्हणायच्या. तुझी आजी बोंबलाचं कालवण आणायची. काय दिवस होते गं ते…”

“किती दिवस बसायचात?”

“शेवाळाचं आटपेपर्यंत. तीन… चार…”

नळ दिवसाआड सोडला, तर गावच्या टाकीतलं पाणी चार दिवस पुरणार होतं. म्हणजे दिलेला शब्द मोडायचा.

तिनं हात पुसले. मग तिनं प्लांटवर फोन लावला.

“पाणी आत घेणं बंद करा.”

फोन ठेवताना तिला रडू आवरेना.

“हरले मी, बाबा. दर्यानं हरवलं मला.”

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“अगं पोरी… पण तो भांडायला आला होता कधी?”