मठातलं प्रोजेक्ट हापिस

“...म्हणून तेवढंच सांगा, बुवा. मी नाव देऊ की नको?”

रामलिंगबुवा मठाच्या कट्ट्यावर गवारी मोडत बसले हुते. त्येंनी वर बघितलं न्हाई. एक शेंग मोडली, शीर काढली, टोपलीत टाकली.

“कुनाचं नाव?”

“तांबोळींचं. इलाही तांबोळी. आमच्या कंपनीत जुने सुपरवायझर आहेत.”

“मानूस कसा हाय?”

“माणूस चांगला आहे.”

“मंग दे की. वाईट मानसाचं नाव कोन बी देतंय.”

ह्यो इचारनारा संग्राम शिंत्रे. एमआयडीसीत पंपाची कंपनी हाय, तिथला सायेब. आला तवा पायरीखाली बूट काढलं, एकाला एक लावून सरळ ठिवलं. ठिवलं ते ठिवलं, कट्ट्यावर बसल्याल्या आमा आळीवाल्यांच्या चपला बी सरळ केल्या. तवाच आमी वळखलं, ह्येच्या हाताला खाज हाय.

“आनि नाव न्हाई दिलंस तर?” बुवांनी इचारलं.

“तर परवा, सोमवारी, माझं ऑफिस बंद. मालक म्हणाले, एक तर चूक कुणाची ते सांग, नाहीतर तुझी धरतो. नाव दिलं तर तांबोळींची नोकरी जाते. नाही दिलं तर माझी.”

“कसलं हापिस?”

संग्रामची कळी खुलली. मांडी मोडून पुढं सरकला.

“प्रोजेक्ट ऑफिस. मी स्वतः उभं केलंय, बुवा. कंपनीत एका वेळी कितीतरी कामं चालतात. नवा पंप, नवी शेड, नवं मशीन. कुठलं काम कुठवर आलं, ते एका जागी कळायला नको? म्हणून दर सोमवारी सगळ्यांनी माझ्याकडे यायचं. मोठा पडदा लावलाय. काम ठीक असलं तर हिरवा रंग. अडलं तर पिवळा. फसलं तर लाल.”

“आनि लाल झाला म्हंजे?”

“म्हणजे मी विचारतो. का झालं, कुणामुळं झालं, आधी का नाही सांगितलं. तिथंच, सगळ्यांसमोर.”

“आजपतूर कुनी कुनी लाल लावला?”

“कुणीच नाही.”

“भाग्यवान हाईस.”

संग्राम हासला न्हाई. त्येला ती शाबासकी वाटली.

“तांबोळींकडचा नवा पंपही शेवटपर्यंत हिरवाच होता. सोमवारी मीटिंगमध्ये मी तांबोळींना विचारलं, ठीक आहे ना? म्हणाले, ठीक आहे. मंगळवारी गिऱ्हाईक आलं. मालकांनी स्वतः बटण दाबलं. पाणी पाइपातून यायचं, ते बाजूनं आलं. पाणी अडवणारं सील फुटलं. गिऱ्हाइकाचा कोट, मालकांचे केस...”

मागं कुनीतरी फिसकन हासलं.

“हसायची गोष्ट नाही ती. माझी पद्धत बरोबर आहे, बुवा. माणूस खोटं बोलला.”

“व्हय,” बुवा म्हनले. “तुझी पद्धत लई झ्याक हाय. आमाला बी पायजे.”

“म्हणजे?”

“आज अमुशा. दुपारी पंगत हाय, अख्खी आळी जेवाय यील. तुझं हापिस आज हितं मांड.”

“आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर?”

“आदी जेवान तर नीट हुंदे.”

संग्राम उठला. बाह्या वर केल्या. त्येला वाटलं बुवा परीक्षा घेत्यात. आनि परीक्षंत त्यो कदी नापास झाल्याला न्हवता, हे त्येच्या मानंवरनंच कळत हुतं.

* * *

मठाच्या सैपाकाची एक रीत हाय. देवाला निवेद दावल्याबिगर कुनी जिभंला काय लावायचं न्हाई. आदी चव घेतली की देवाला उष्टं जातंय. तवा मीठ हाताच्या अंदाजानं. सुंद्राक्का घालती, दुसरं कुनी घालत न्हाई.

ही रीत ऐकली आनि संग्राम जागच्या जागी थांबला.

“चव न घेता आमटी? मग बरोबर झाली हे कळतं कसं?”

“जेवताना,” सुंद्राक्का म्हनली.

“आणि चुकली तर?”

“तर पंगतीतनं वरडत्यात. आक्के, कुठं ध्येन हुतं गं तुजं.”

“सगळ्यांसमोर?”

“मंग काय कानात सांगत्यात? वरडत्यात, मी बी त्यास्नी चार सुनावती, की झालं.”

संग्रामनं मान हालवली. जुन्या रोग्याकडं नवा डाक्टर बघतो तसं बघितलं.

“हे असं नाही चालणार, आक्का. मीठ घातलं?”

“घातलं.”

“नक्की?”

“आता काय लिव्हून दिऊ?”

“तसं नाही. समजा कमी पडलं, तर जबाबदारी कुणाची?”

इतक्या अमुशा झाल्या, हे सुंद्राक्काला कुनी इचारलं न्हवतं. तिनं आमटीकडं बघितलं. आमटी काय बोलती... उकळत हुती.

“सायेब, तुमच्या घरात तुमची मालकीन कुनाला इचारून मीठ घालती?”

“घरात प्रोजेक्ट ऑफिस नाही, आक्का.”

“म्हनून जेवताय.”

संग्राम पुढं गेला. त्येची पाठ फिरली आनि आक्कानं आनखी एक मूठ टाकली. कमी पडाय नको.

पुढं मारुती गुरव. मोठा पळा घिऊन आमटी ढवळत हुता.

“तुम्ही मीठ घालताना बघितलंत?”

“मी कशाला बघू? मी ढवळतोय.”

“मग उद्या कुणी विचारलं, मीठ बरोबर होतं का, तर काय सांगणार? आमटी तुमच्या हातात आहे.”

मारुतीनं हाताकडं बघितलं. हातात नुसता पळा हुता. पर संग्राम वळल्यावर त्येनं बी इकडं तिकडं बघून एक मूठ सोडली.

चुलीम्होरं आनसाबाई लाकडं सारत हुती. धुरानं डोळं पुसत म्हनली, “मला काय इचारू नका बाबा. माजं जाळाचं काम.”

“असं कसं? एका टीममध्ये सगळ्यांचीच जबाबदारी असते.”

आनसाबाईला ते पटलं. लई पटलं. तिची मूठ जरा मोठी हाय.

आमी भिताडाला टेकून बघत हुतो. बोलाय कुनी बोललं न्हाई. सायेब कामात असल्यावर मधी बोलू न्हाई.

संग्राम पुन्हा एक फेरी मारून आला.

“आक्का, मीठ?”

“ठीक.”

“मारुती?”

“ठीक हाय.”

“बाई?”

“एकदम ठीक.”

त्यो बाहीर आला, घाम पुसला.

“बुवा, सगळं हिरवं.”

बुवा म्हनले, “वा.”

* * *

निवेद दावला. घंटा झाली. पंगत बसली.

जेवाय सुरवात व्हायच्या आदी संग्राम मधोमध हुबा ऱ्हायला. आवाज चांगला खनखनीत हुता.

“मंडळी, जेवणात काही कमीजास्त वाटलं तर न घाबरता मला सांगायचं. आणि कुणामुळं झालं तेही आपण लगेच शोधू.”

सगळ्यांनी माना हालवल्या. दाराच्या चौकटीला धरून सुंद्राक्का हुबी हुती. मारुती गुरव खांबाआड गेला. आनसाबाईला चुलीकडं एकाएकी लई काम निघालं.

बुवांनी भात कालवला. पैला घास घेतला.

...

बुवांच्या तोंडावरची माशी हालली न्हाई. दुसरा घास घेतला.

मंग आमी घेतला.

आरं देवा. समिंदर गिळल्यावानी.

म्हातारा नरसू कुंभार. दर अमुशेला पंगतीत सगळ्यात मोठा वरडनारा. त्येनं तोंड उघडलं... दारातल्या आक्काकडं बघितलं, मधोमध हुब्या सायबाकडं बघितलं, शांतपने जेवनाऱ्या बुवांकडं बघितलं. आनि तोंड झाकलं.

संग्राम वळीनं फिराय लागला.

“कशी आहे आमटी, काका?”

“चांगली हाय.”

“तुमची?”

“ब्येस.”

“आजोबा?”

नरसूच्या डोळ्यातनं पानी गळत हुतं. “झ... झकास.”

“तिखट लागली का?”

“न्हाई. गोड लागली म्हनून.”

पान्याचा तांब्या एका टोकानं निघाला त्यो दुसऱ्या टोकापतूर पोचलाच न्हाई. मधीच रिकामा. पुन्हा भरला, पुन्हा रिकामा. संग्रामनं त्ये बी बघितलं. म्हनला, “पाण्याची मागणी चांगली आहे.”

येऊन बुवांम्होरं हुबा ऱ्हायला. छाती अशी फुगल्ती, सदऱ्याच्या गुंड्या ताणल्या.

“बघा, बुवा. एक तक्रार नाही.”

“बस,” बुवा म्हनले. “जेव. तुझं पान मांडलंय.”

संग्राम बसला. भुकेला हुता. मोठा घास घेतला.

...

सगळी पंगत त्येच्याकडं बघत हुती. कुनी चावत न्हवतं.

त्येचं तोंड बंद हुतं, पर कान लाल झालं. घास गिळला. तांब्याकडं हात गेला, तांब्या रिकामा.

बुवांनी इचारलं, “कशी झालीया आमटी?”

संग्रामनं दाराकडं बघितलं. आक्का पदराचं टोक पिळत हुती. त्येनं पंगतीकडं बघितलं. समद्यांची नजर त्येच्या तोंडावर टांगल्याली.

“चांगली... चांगली आहे.”

“मारुती,” बुवांनी हाक दिली, “सायबास्नी आवडलीया. वाढ.”

मारुतीनं पळा भरून वाढली. संग्रामनं खाल्ली. खाताना कुनाच्या नजरंला नजर दिली न्हाई.

“अजून वाढ.”

मारुती पळा घिऊन वाकला. संग्रामनं वाटीवर हात आडवा धरला.

तसाच बसला. हातावर पळ्यातनं एक थेंब पडला, चटका बसला आसंल, पर हात काढला न्हाई.

“बुवा...”

“बोल.”

“खारट आहे.”

“किती?”

“खूप. खाववत नाही. आणि बुवा, हे... आक्कांनी नाही केलं. मी विचारत फिरलो म्हणून झालं.”

बुवांनी आपली वाटी पालथी केली. मोठ्यानं म्हनले, “पांढरा भात वाढा सगळ्यास्नी. ताक आना.”

मंग जे काय सुटलं. नरसू कुंभार वरडला, “आक्के, मला मारून टाकतीस काय गं.” आक्का दारातनंच वरडली, “तुला मारायला मीठ कशाला वाया घालू, म्हाताऱ्या.” मारुती खांबाआडनं म्हनला, “एक मूठ माजी बी हाय.” चुलीकडनं आनसाबाई म्हनली, “माजी बी,” आनि समदी पंगत अशी हासली, पत्रावळ्या उडाय लागल्या.

ताक आलं. भात आला. जेवनं झाली. मीठ कुनी जास्ती घातलं, ह्येच्यावर कुनाचा वेळ गेला न्हाई.

संग्राम तेवढा हासत न्हवता. भात म्होरं घिऊन तसाच बसला हुता.

“बुवा, त्या सोमवारी मीटिंगच्या आधी तांबोळी मला जिन्यात भेटले होते.”

“हं.”

“म्हणाले, साहेब, सीलचं जरा बोलायचं होतं. मी घाईत होतो. म्हटलं, जे काय असेल ते आत बोला, सगळ्यांसमोर.”

“मंग?”

“आत गेल्यावर मी विचारलं, ठीक आहे ना...”

बुवा ताक प्याले. मिशी पुसली.

“मग खोटं कोण बोललं, बुवा?”

बुवांनी त्येच्या पानावर ताक वाढलं. “भात सुका हाय. जेव.”

त्यो जेवला. पानात एक शीत ठिवलं न्हाई. हात धुऊन आला तवा त्येचा चेहरा येगळा हुता, मघासारखा उजळ न्हवता, पर पाय जमिनीवर घट्ट हुतं. पायरीखालनं बूट हुडकलं. सरळ ठिवल्यालं बूट मगाशी कुनीतरी तुडवून इकडं तिकडं केलं हुतं. त्येनं तसंच घातलं.

“तांबोळींचं नाव मी देणार नाही.”

“बरं.”

“आज संध्याकाळी त्यांच्या घरी जाणार. जिन्यात जे ऐकायचं राहिलं, ते ऐकून घेणार.”

“जा.”

दोन पायऱ्या उतरला, पुन्हा वळला.

“पण बुवा, मालक. ते सोमवारी समोर बसतील आणि विचारतील, चूक कुणाची. एकच नाव पाहिजे म्हणतील. त्यांना मी काय सांगू?”

बुवांनी टोपली वढली. संध्याकाळच्या भाजीसाठनं उरल्याली गवारी मोडाय घेतली.

“काय सांगू नगंस...”

एक शेंग मोडली.

“उद्या जेवाय घिऊन ये त्यास्नी. आमटी लई उरलीया.”