विसाव्याचे चित्र

एका राज्यात कुणालाच झोप येत नव्हती. झाले असे, की लांबून दमून आलेला एक जादूगार राजवाड्याच्या पायरीवर टेकू लागला. राजा प्रतापभानू गरजला, "टेकायला ही काय धर्मशाळा आहे?" जादूगार उठला. म्हणाला, "राजा, आजपासून तुझ्या राज्यात कुणाची पापणी टेकणार नाही. विसाव्याचे खरे चित्र कुणी काढील, तेव्हाच शाप सुटेल." झाले! बोलला राजा, भोगते प्रजा. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरे काय!

राजचित्रकार वर्णदत्ताची लेक कमळजा सुकून काडी झाली. "बाबा, डोळे मिटत नाहीत हो," एवढेच म्हणे. वैद्याने हात टेकले. वर्णदत्ताने रंगांचे गाठोडे डोक्यावर घेतले अन् निघाला.

आधी त्याने निश्चल सरोवर गाठले. चित्र काढले, तर चित्रातल्या मासोळीने उडी मारली. कागद भिजून गेला. मग राज्याच्या शिवेपलीकडचा घोरणारा राक्षस गाठला. परतताना ते चित्र असे घोरू लागले, की आधीच जागी असलेली गावे काठ्या घेऊन मागे लागली! तिसरे कुठे जावे, हे त्याला सुचेना. जीव नुसता आंबून गेला होता.

घाटात एक साळुंकी म्हणाली, "चित्रकारा, टेक जरा."

"बाई, माझी लेक मरायला टेकली आहे. मी कसा टेकू?"

"उभ्याने कुणी विसावा पाहिला आहे का?"

इतक्यात एक म्हातारी मोळी घेऊन आली. वाटेकडेच्या उंच दगडावर मोळी उतरवली अन् म्हणाली, "हुश्श!"

वर्णदत्त दचकला. शाप लागल्यापासून हा शब्द त्याने ऐकलाच नव्हता. त्याचे गाठोडे तर अजून डोक्यावरच होते. त्याने ते दगडावर ठेवले. मानेला वारा लागला, अन् त्याला रडूच कोसळले. म्हातारी गेली, तरी तो नुसता बसून राहिला. मग त्याने चित्र काढले: एक दगड, दगडावर उतरवलेले ओझे. बस्स.

वर्णदत्त लेकीला घेऊन दरबारात बसला. चित्र पाहून राजा खेकसला, "यात विसावा कुठे आहे?"

कमळजा मात्र चित्राकडे पाहतच राहिली. "हुश्श," म्हणाली, अन् बापाच्या मांडीवर कलंडली. वर्णदत्ताने घाबरून तिच्या नाकापाशी बोट धरले, तर पोर चक्क घोरत होती! मग प्रधान पेंगला, भालदार भिंतीशी घसरला, राजा सिंहासनावरच लवंडला. सर्वांत शेवटी वर्णदत्त झोपला, मांडी न हलवता.

जाग येताच राजाने पायरीशी तसाच दगड बसवला. कुणीही यावे, ओझे टेकवावे. आम्हीही ही कहाणी तिथेच उतरवली. मान फार भरून आली होती.