अकरा ओव्या उरल्या होत्या

फार मागे, जेव्हा देवळातली पोथी झाडंपाखरंही कान देऊन ऐकत, तेव्हाची ही गोष्ट. देवळामागच्या उंबराच्या ढोलीत एक खार राही. सात पारायणं ऐकून तिला सगळी पोथी तोंडपाठ झाली होती, म्हणून सगळे तिला शास्त्रीणबाई म्हणत. शेजारच्या देवळाच्या भिंतीतल्या कोनाड्यात राहणाऱ्या म्हाताऱ्या पारवीला मात्र एक ओवी धड येईना. खार तिला हसे.

चैत्रात एका संध्याकाळी गारांनी साळुंकीचं घरटं खाली पाडलं. आईबाप चाऱ्याला गेलेले. ज्या दुकानाची पाटी मोठी तिथे गिऱ्हाईक आधी जातं, तसं भिजलेलं पिल्लू शास्त्रीणबाईंच्या ढोलीशी गेलं. आत खार रंगात येऊन म्हणत होती, ‘दारी आला तो देव जाणावा!’

“शास्त्रीणबाई, मी दारी आलोय. फार थंडी वाजते हो.”

“थांब रे! पारायण मध्येच मोडू नये. अकराच ओव्या उरल्यात.”

अकरा ओव्या झाल्या. खार बाहेर आली, तर दारात कुणीच नाही. धावत ती कोनाड्याशी गेली. पारवीच्या पंखाखालून एक पिवळी चोच डोकावत होती.

“बरी आलीस,” पारवी म्हणाली. “आजची ओवी कुठली होती गं? मला मेलीला काही आठवत नाही.”

खार कोनाड्यात शिरली.

“सरक जरा, मावशी,” ती म्हणाली आणि आपली झुपकेदार शेपटी पिल्लावर पांघरून शेजारी बसली.