आप्पांचं सगळं

नदीकाठच्या एका गावात केरबा म्हणून एक जण राहायचा. भोळा होता. इतका भोळा, की कुणी 'बस' म्हटलं तर बसायचा आणि 'ऊठ' म्हणेपर्यंत उठायचा नाही.

त्याचे वडील आप्पा. गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. थोरला भाऊ हिंदुराव शहरात मोठ्या हुद्द्यावर होता. आप्पांची काळजी दोघा भावांत वाटलेली होती. अंघोळ, जेवण, गोळ्या केरबाकडे. सूचना हिंदुरावाकडे. हिंदुराव आपला वाटा कधी चुकवत नसे.

एकदा त्याचा फोन आला. "आप्पांचा तोल जातोय म्हणे. त्यांच्या मागं सावलीसारखा राहा."

"सावलीसारखा?"

"अगदी सावलीसारखा."

सकाळी आप्पा काठी टेकत अंगणात आले. केरबा त्यांच्या मागे जमिनीवर लांबलचक पालथा पडला. आप्पा पुढे सरकले की हाही पोटावर सरकायचा. आप्पा आंब्याखाली टेकले तेव्हा तो उठून घरात गेला. झाडाखाली माणसाची सावली पडत नाही. दुपारी आप्पा झाडाखालून उठून निघाले, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. अशा वेळी सावली पायाखाली येते, एवढं केरबालाही कळत होतं. तो पायाखाली आला. आप्पा त्याच्यावर पडले.

"काय चाललंय तुझं?" आप्पांनी त्याच्या पाठीवर पडल्यापडल्याच विचारलं.

"दादानं सांगितलंय."

"सांगायला दादा तिथं आणि पडायला मी इथं. यापुढं मला विचारल्याशिवाय काही म्हणजे काही करायचं नाही."

केरबानं हे मनात पक्कं धरलं.

पुढे एका दुपारी आप्पा जेवून आडवे झाले होते. दोरीवर त्यांचं धोतर वाळत होतं. शेजारची शेळी आली आणि तिनं धोतराला तोंड लावलं. केरबानं पाहिलं. पण आप्पा घोरत होते, आणि झोपलेल्या माणसाला विचारणार कसं? तो उशाशी जाऊन बसला. शेळी निवांत खात राहिली. आप्पांनी डोळे उघडले, तसं त्यानं अदबीनं विचारलं, "आप्पा, शेळीला हाकलू का?"

दोरीवर फक्त काठ उरला होता.

"अरे, आपली वस्तू डोळ्यादेखत कुणी नेत असेल तर विचारत बसतात का?" आप्पा म्हणाले. "आधी हिसकावून घ्यायची. बाकीचं मागनं."

केरबानं हेही पक्कं धरलं.

तेवढ्यात शहरात हिंदुरावाला कुणीतरी सांगितलं, की म्हातारा माणूस मृत्युपत्र करणार असेल तर तो धडधाकट असल्याचा डॉक्टरांचा दाखला आधी घेऊन ठेवावा. त्या दिवसापासून हिंदुरावाला वडिलांच्या तब्येतीची फार ओढ लागली. त्यानं तालुक्याहून एक डॉक्टरीणबाई धाडल्या. बाईंनी आप्पांची छाती तपासली, दंडाला पट्टा आवळला, सुईनं रक्त काढलं आणि नळी पिशवीत ठेवली.

केरबानं झडप घालून नळी हिसकावली. "हे आमच्या आप्पांचं आहे," तो म्हणाला. मग स्वयंपाकघरातून पेला आणून त्यानं नळी त्यात रिकामी केली आणि आप्पांच्या तोंडापुढे धरली. "गार व्हायच्या आत घ्या."

आप्पांना पुन्हा सुई टोचावी लागली. दुसरा दंडही सुजला.

डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी केरबाला बाजूला बसवून समजावलं. "हे बघा, शिकलेलं माणूस काही न्यायला आलं, तर ते आप्पांच्या भल्यासाठीच असतं. वाद घालायचा नाही. आपण होऊन पुढं करायचं. जमलं तर गाडीपर्यंत पोचवायचं."

शिकलेल्या माणसाबद्दल बाईंचं मत फारच चांगलं होतं. केरबानं ते उचललं, आणि त्यांची पिशवी गाडीपर्यंत पोचवून आला.

दाखला मिळाल्याबरोबर हिंदुराव आला. लांबलचक गाडी, बरोबर वकील. आप्पांना वाकून नमस्कार झाला, फोटो काढून झाला. मग हिंदुरावानं केरबाला गोठ्यामागे नेलं.

"आप्पांची समजूत तू घाल. तुझं ऐकतात. त्यांचं जे जे आहे ते सगळं माझ्याकडं यायला पाहिजे. मागं काही राहता कामा नये."

"सगळं?"

"सगळं. मी आणि वकीलसाहेब साक्षीदार घेऊन येतो, तोवर उरकून ठेव."

हिंदुराव भरपूर शिकलेला होता. केरबानं वाद घातला नाही.

त्यानं आप्पांची बाज गाडीच्या टपावर बांधली. डिकीत कमोडची खुर्ची, पिकदाणी आणि गरम पाण्याची पिशवी ठेवली. मागच्या सीटवर आप्पांची ट्रंक, अंथरुणाची वळकटी, गोळ्यांचा डबा आणि कवळी, पेल्यासकट. आप्पांचा कोपरा रिकामा झाला तसा तो दारात थबकला. पण बाई भल्यासाठी म्हणाल्या होत्या. शेवटी त्यानं आप्पांना पाठुंगळी घेतलं.

"कुठं नेतोयस?"

"दादाकडं. तुमचं जे जे आहे ते सगळं त्याला पाहिजे. आणि तुम्ही तर तुमचेच."

आप्पांनी टपावरच्या बाजेकडे पाहिलं. "मफलर घे मग," ते म्हणाले. "गाडीत गार हवा असते."

साक्षीदार आले तेव्हा आप्पा पुढच्या सीटवर पट्टा लावून बसले होते. साक्षीदार म्हणजे सरपंच आणि हायस्कुलाचे हेडमास्तर. दोघांनी बाज पाहिली, कमोडची खुर्ची पाहिली, आणि सरपंचांचे डोळे भरून आले.

"हिंदुराव, वडिलांना कायमचं घेऊन चाललात. या काळात कोण करतं?"

बघता बघता गाव जमलं. बायकांनी आप्पांना ओवाळलं. कुणीतरी हिंदुरावाच्या गळ्यात हार घातला.

वकिलांनी कागद पुढे केला. "आप्पा, तेवढी सही."

"तिकडं गेल्यावर करतो की," आप्पा म्हणाले. "आता मी तिकडंच आहे. घाई कसली? हिंदुराव, सूनबाईला फोन कर. मला पहाटे ताकातल्या कण्या लागतात."

गाडी सुरू झाली. केरबा रिकाम्या अंगणात उभा राहून मागं काही राहिलं का ते आठवत होता. एकदम त्याला आठवलं. तो धावला, दार उघडून मागच्या सीटवर चढला आणि कवळीचा पेला मांडीवर घेऊन बसला.

"तू कुठं?" हिंदुरावानं विचारलं.

"मी पण आप्पांचाच की, दादा."

आता गाडीत जागा उरली नव्हती. वकीलसाहेब आप्पांचे कुणी नव्हते. ते एसटीनं गेले.