राघूचं आवतण

एका गावात एक बाई होत्या. लहान मुलांना वाचायला शिकवायची त्यांना भारी हौस, पण शिकवायला जागा नव्हती. गावच्या पाटलांची एक लांबरुंद ओसरी रिकामी पडली होती, ती बाईंनी मागितली. पाटील मनानं वाईट नव्हते, पण व्यवहाराला पक्के होते.

"घ्या खुशाल," पाटील म्हणाले. "पण पोळ्यापोतर पोरांना वाचता आलं पायजे. न्हाई आलं, तर माझे नांगर-वखर पावसात भिजत्यात, ते आणून ठेवीन हितं."

बाईंनी मान डोलावली. दुसरी शाळा नदीपलीकडे होती, आणि भर पावसाळ्यात एवढ्याशा मुलांना नदी कोण ओलांडू देणार? ओसरी गेली की पोरं पुन्हा बांधावर बसून दिवस काढणार, हे त्या जाणून होत्या.

मुलांना गोडी कशाची? सणांची. मग सणांवरूनच शिकवावं, असं बाईंनी ठरवलं. त्यांनी पुठ्ठे कापून शब्दांची कार्डं केली. नागपंचमीची नाग, लाह्या, झोका. पोळ्याची बैल, झूल, गोंडा, तोरण, पुरणपोळी. वर चित्र आणि खाली ठसठशीत अक्षरांत शब्द. पुरणपोळीचं चित्र इतकं झकास उतरलं की एका मुलानं ते चाटून पाहिलं.

कार्ड वर केलं की सगळी ओसरी एका सुरात ओरडे, "झूल! गोंडा! तोरण!" बाईंच्या आनंदाला पारावार उरला नाही. पण एके दिवशी चित्रावर त्यांचा तळहात आला आणि ओसरी गप्प झाली. बाईंनी हात काढला. "तोरण!" हात ठेवला. चिडीचूप.

"अगं बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "ही तर चित्रं बघताहेत. अक्षरांकडे कुणाची नजरच नाही."

ठीक आहे, चित्रंच नकोत. बाईंनी नुसत्या शब्दांची नवी कार्डं केली, एकेक अक्षर घोकून घेतलं, आणि काही दिवसांत ओसरी पुन्हा दणाणू लागली. या खेपेला बाईंना वाटलं, आपण जिंकलो. तेवढ्यात 'गोंडा' लिहिलेलं कार्ड फाटलं, म्हणून त्यांनी दुसरं केलं. अक्षरं तीच, शाई तीच. पण मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली.

ओसरीत सगुणा नावाची एक चुणचुणीत मुलगी होती. ती शेवटी म्हणाली, "बाई, ह्ये गोंड्याचं न्हाई. गोंड्यावर त्याल सांडलंय."

बाईंनी बाकीची कार्डं नीट पाहिली. तोरणाचा कोपरा दुमडलेला होता. झुलीला हळदीचा डाग होता. बैलाला कुणीतरी दातानं कुरतडलं होतं. मुलांनी अक्षरं सोडून सगळं वाचलं होतं! हसावं की रडावं, बाईंना कळेना. मुलं मठ्ठ म्हणावीत, तर तेलाचा डागसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नव्हता. हुशार म्हणावीत, तर दोन अक्षरं वाचत नव्हती. चुकत होतं कोण, मुलं का आपण?

त्यात श्रावण सरत आला आणि पोरांच्या अंगात पोळा संचारला. त्या गावात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तुपा-हळदीनं चोळत, आणि घरधनी बैलासमोर हात जोडून म्हणे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." वर्षभर राबलेल्या बैलाला न बोलावता जेवू घालणं बरं नव्हे, अशी गावाची रीत. पोरांनी नदीकाठची चिकणमाती आणून आपापले बैल केले, त्यांना नावं दिली आणि ओसरीच्या कडेला ओळीनं मांडले. मग सगुणाच्या डोक्यात आलं की लग्नाला कशी पत्रिका जाते, तसं आपल्या बैलालाही लिहून आवतण पाहिजे.

"बाई, माज्या राघूला चिठ्ठी लिवून द्या की."

"सगुणा, कार्डं वाचायची सोडून हे काय?"

"एकच द्या. मग वाचते."

बाईंनी पिच्छा सुटावा म्हणून कागदाच्या कपट्यावर खरडलं, 'राघू, जेवायला ये.' मग काय, आभाळच फाटलं! 'माज्या पवनला', 'माज्या गजऱ्याला', 'माज्या मैनेच्या वासराला'. बाई लिहून लिहून बेजार झाल्या. ओसरी झाडताना त्या सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून एका टोपलीत कोंबत, आणि सकाळी आल्याबरोबर पोरं आपापली चिठ्ठी हुडकायला त्या टोपलीवर तुटून पडत. चिठ्ठी फाटली की नवी हवी. बाई हाताला येईल त्यानं लिहून देत, कधी शाईनं, कधी पेन्सिलीनं, कधी चुलीतल्या कोळशानं.

"नसता उपद्व्याप," त्या वैतागून म्हणत. "पोळा उंबऱ्याशी आला आणि ह्यांचा खेळ संपेना!"

आणि आवतणाचा दिवस उजाडला. पाटील येणार होते. बाईंच्या झोळीत कार्डांचे दोन गठ्ठे होते. एक जुना, डागाळलेला, कुरतडलेला. तो दाखवला असता तर मुलं धडाधड बोलली असती, आणि पाटलांना काय कळणार होतं? ओसरी वाचली असती. दुसरा गठ्ठा कोरा करकरीत, पुन्हा लिहिलेला. तो दाखवला तर फजिती ठरलेली होती. बाईंचा हात जुन्या गठ्ठ्याकडे गेला. तिथंच थबकला. जीव तुटत होता, पण मुलांना येत नाही ते येतं म्हणून सांगणं त्यांना जमेना. त्यांनी नवा गठ्ठा बाहेर काढला.

पाटील ओसरीच्या पायरीवर बसले. बाईंनी पहिलं कार्ड वर केलं. कुणी बोलेना. दुसरं केलं. एकानं अंदाजानं "पुरणपोळी!" ठोकून दिली. तो गोंडा होता.

"बाई," पाटील जरा ओशाळूनच म्हणाले, "तुमी कष्ट लई घेतले. पण बोली म्हंजे बोली."

"बरोबर आहे, पाटील." बाईंनी कार्ड खाली केलं. "मुलांना डाग ओळखता येतात, अक्षरं नाहीत. का ते मलाही उमगलं नाही."

इकडे मोठ्यांचं बोलणं चाललं होतं, तर मुलांना दुसरीच घाई. संध्याकाळ व्हायच्या आत आवतण पोचवायला हवं होतं. त्यांनी टोपली उपडी केली आणि ओसरीभर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या झाल्या. पोरं खाली वाकली, अक्षरांखाली बोट धरून पुटपुटू लागली, भांडू लागली.

"सोड, ही माजी हाय!"

"तुजी कशी? हितं पवन लिवलंय. तुजा तर गजरा. आन हा फुडं 'ये' हाय बग, जेवायला ये."

बाईंच्या हातातला गठ्ठा हातातच राहिला. हे काय चाललंय? कालच कोळशानं लिहिलेली चिठ्ठी, तिच्यावर ना तेल, ना हळद. मग हे पोर नेमकं काय बघून बोलतंय?

पाटलांनीही पाहिलं. पण ते सहजासहजी फसणारे नव्हते.

"ह्येबी पाठ केलं आसंल," ते म्हणाले. मग मातीच्या बैलांची ओळ न्याहाळून थोडे हिरमुसलेच. "आन काय गं पोरी, समद्या गावाच्या बैलांना आवतण, आन माज्या बैलाला?"

"तुमच्या बैलाचं नाव ठावं न्हाई आमाला," सगुणा म्हणाली.

पाटलांनी कोळशाचा तुकडा उचलला आणि भिंतीवर काहीतरी लिहिलं. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. "घे. ओळख."

सगुणा भिंतीजवळ गेली. तिनं मान तिरकी केली. "ह्यो मागला तर माज्या राघूचा र. पवनमधला व... मदी गजऱ्याचा ज... जी. व... जी... र." ती थांबली, पुन्हा एकदा बोट फिरवलं, आणि पाटलांकडे वळून तिनं हात जोडले. "वजीर! आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

 पाटलांच्या बैलाचं नाव त्या पोरांनी आजवर ऐकलंही नव्हतं, आणि भिंतीवर ते पहिल्यांदाच उमटलं होतं. मग त्यांनी खांद्यावरच्या उपरण्यानं डोळे पुसले.

"नांगर भिजू द्या," ते उठत म्हणाले. "मी त्यांच्यावर छप्पर घालीन. ओसरी पोरांची."

मुलं आनंदानं नाचू लागली. बाईंचा मात्र आनंदाच्याही आधी गोंधळच उडाला होता. जे जीव तोडून शिकवलं ते आलं नाही, आणि ज्याला उपद्व्याप म्हणून आपण रागे भरलो त्यातून आलं, हा काय न्याय? त्यांनी सगुणाला जवळ घेतलं, नव्या गठ्ठ्यातलं एक कार्ड तिच्यापुढं धरलं आणि विचारलं, "अगं, तुला अक्षरं येतात, मग इतके दिवस हे का नाही वाचलंस?"

सगुणानं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. मग अगदी साधेपणानं तिनं विचारलं, "पण बाई, ही चिठ्ठी कुणाला द्यायची?"

बाईंनी त्या कार्डाकडे पाहिलं. इतकी कार्डं केली, इतकी चित्रं काढली, पण तो शब्द कुणासाठी आहे हे त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं.

"वजीरला," त्या हळूच म्हणाल्या. "उद्या त्याच्या पाठीवर काय घालायचं, ते लिहिलंय."

सगुणानं कार्डाखाली बोट धरलं. "झोक्याचा झ... झू... ल. झूल!" आणि ते कार्ड छातीशी धरून ती पाटलांच्या गोठ्याकडे पळत सुटली.

तात्पर्य: शब्द नुसता दाखवला, तर मूल त्याच्यावरचा डाग पाहतं, तोच शब्द कुणाला तरी पोचवायला दिला, की ते अक्षर पाहू लागतं.