वाडीतले सटवाजी

त्या धोंड्यांवर बसू नका. दमला असाल तर इकडे लिंबाखाली बसा. तळ्याच्या बांधावर मांडलेले ते धोंडे ही आमच्या वाडीची पोरे आहेत. प्रत्येकाचे नाव सटवाजी. सटवाईने दिलेला, म्हणून सटवाजी. पाचवीच्या रात्री हीच देवी बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते.

फार मागे वाडीत धुरपदा नावाची बाई होती, असे सांगतात. तिची पोरे जगत नसत. पोर चालते-बोलते झाले की एखाद्या दुपारी समोरच्या कड्यावरून त्याच्या नावाने हाक येई. पोर ओ देई आणि दिवस मावळायच्या आत तापाने जाई.

शेवटचा मुलगा झाला तेव्हा तिने त्याला देवीचेच नाव ठेवले. देवळातली म्हातारी गुरवीण म्हणाली, "लिहिलेलं देवीलाही पुसता येत नाही, बाई. हाक येणारच."

मग त्या साली जिथे जिथे पाळणा हलत होता, तिथे जाऊन धुरपदाने पदर पसरला. "तुमच्या पोराचं नावही सटवाजीच ठेवा. हाक आली की सगळी मिळून ओ देतील. कुणाला न्यायचं ते कळायचंच नाही."

"अगं धुरपदे, सगळेच सटवाजी? मग जेवायला कुणाला हाक मारायची?"

"एकीनं मारा, सगळे येतील. चार भाकरी जास्त थापा."

बाया हसल्या. पण त्याही आयाच. पोरांची बारशी त्याच नावाने झाली.

पोरे मोठी होऊ लागली. एका दुपारी ती तळ्यावर खेळत होती, आया धुणे धूत होत्या. कड्यावरून हाक आली, "सटवाजी!"

शिकवल्याप्रमाणे पोरांनी एका सुरात ओ दिली. एकाने दिली नाही. ऐन वेळी धुरपदाचा धीर सुटला आणि तिने आपल्या पोराचे तोंड दाबून धरले.

दिवस मावळला तेव्हा त्यांच्यातले तेवढे एकच उरले होते, म्हणे.

धुरपदाला कोणी शिवी दिली नाही. तिच्याशी कोणी बोललेच नाही. बायांनी आपापल्या पोराचा धोंडा बांधावर मांडला. तिचा मुलगा म्हातारा होऊन मेला, पण त्या दुपारनंतर त्याला नावाने हाक कोणी मारली नाही. आईनेही नाही.

ज्या घरचा धोंडा, त्या घरात पहिल्या मुलाला तेच नाव ठेवतात. नाव टाकले तर गेलेल्याला कोण उरले?

आजही शाळेत हजेरीला मास्तर सटवाजी म्हणतात, तेव्हा आमची पोरे मुकाट्याने हात वर करतात. ओ देत नाहीत, हजर म्हणत नाहीत. आया तसेच शिकवतात. मास्तर नवा असला की छडी उगारतो. पोरे मार खातात, तोंड उघडत नाहीत.

तरी एखादे जातेच.